धावपट्टीचं दुसरं टोक

२८ नोव्हेंबर

आज तिसरी केस रद्द केली. पेशंटनं सकाळी चहा-बिस्किट घेतलं होतं. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, तर म्हणे, "बिस्किट म्हणजे काय खाणं असतं का?" सर्जन चिडले. "मॅडम, सगळी टीम उभी आहे. एका बिस्किटासाठी?" मी म्हटलं, एका बिस्किटासाठीच. भूल दिल्यावर ते बिस्किट वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर टीम उभीच राहील, पेशंट राहणार नाही. ते मास्क काढून तणतणत निघून गेले. उद्या चहाच्या वेळी बोलतील. नेहमी बोलतात.

लोकांना वाटतं भूलतज्ज्ञाचं काम झोपवायचं. अर्धं काम "नाही" म्हणायचं असतं. ते आता अंगवळणी पडलंय, पण थकवा येतो. हल्ली कशाचाही येतो. डबा उघडण्याचासुद्धा.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. बाबांचा खोकला हटत नाही. "तू एकदा येऊन बघून जा ना, ताई." इथले डॉक्टर, तिथले डॉक्टर, पण बाबांना मी बघितल्याशिवाय औषध लागू पडत नाही म्हणे. शनिवारी जाऊन येईन.

३० नोव्हेंबर

जाऊन आले. गाडीनं घाटातून अख्खा दिवस मोडतो, विमानानं तासाच्या आत. पंचेचाळिशीत उडायला शिकले ते याचसाठी, पण हे कुणाला पटत नाही. नवरा विमानाला "तुझं दुसरं बिऱ्हाड" म्हणतो. चार सीटचं, एका इंजिनाचं, माझ्या लग्नाएवढं जुनं. सोबत नेलंस तर कधीतरी येईन म्हणतो, आणि येत नाही. त्याला स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही गरगरतं.

बाबा बरे वाटले. छातीत थोडी खरखर आहे. मला बघून आधी विचारलं, "वारा होता का वर?" मग खोकला.

परतले तेव्हा हँगरातला शेजारी त्याचं विमान पुसत बसला होता. माझं आणि त्याचं विमान एकाच शेडमध्ये असतं, म्हणून तो शेजारी. फर्निचरचा मोठा कारखाना आहे त्याचा. मला "डॉक्टरीणबाई" म्हणतो. त्याचं विमान नवंकोरं, आतली सगळी यंत्रं चकाकणारी, आणि माझ्या डॅशबोर्डावर एक घड्याळ आहे जे मी घेतलं तेव्हापासून बंद आहे. "डॉक्टरीणबाई, हे विकून टाका, आमच्या कारखान्यात पलंग करू याचा." वहिनी, म्हणजे त्याची बायको, शेजारी खुर्ची टाकून विणत होत्या. त्या म्हणाल्या, "यांचं ऐकू नका. घरातला एक पलंग चार वर्षं करकरतोय, त्याला हात लावलेला नाही."

बरं वाटतं तिथं. एक खोली, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक पिशवी, एक पट्टी. मनोरा नाही, नियंत्रक नाही. जा म्हणणारं कुणी नाही आणि थांब म्हणणारंही. फक्त मास्तर आहेत, ज्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. त्यांचा एकच कायदा: खोलीच्या दारातून पट्टीचं दुसरं टोक दिसत नसेल तर चहा टाकायचा.

६ डिसेंबर

शेजारी गेला. सकाळी दाट धुक्यात उडाला. उडाल्या उडाल्याच कोसळला. मला ऑपरेशन थिएटरमध्ये निरोप आला. केस पूर्ण केली. 

८ डिसेंबर

काल सगळं उरकलं. वहिनी रडत नव्हत्या. येईल त्याला बसायला सांगत होत्या, पाणी विचारत होत्या. मी जवळ बसले तेव्हा आपण होऊनच सांगायला लागल्या.

त्या त्याला सोडायला हँगरावर गेल्या होत्या. धुकं इतकं की शेडमधून वाऱ्याची पिशवीही दिसेना. मास्तर त्या दिवशी नव्हते, गावाला गेले होते. थोडा वेळ दोघं गाडीत बसले. मग तो म्हणाला, हे जमिनीलगतचं आहे, पाच मिनिटांत मी उन्हात असेन. दुपारी मीटिंग होती त्याची.

"विमान दिसेनासं झालं, पण आवाज येत होता," वहिनी म्हणाल्या. "आवाज चांगला होता. चढतोय असा. मला वाटलं, चला, गेले. मी गाडीची किल्ली फिरवली, तेवढ्यात आवाज थांबला."

मग त्यांनी समोरच्या बाईंना विचारलं, चहा घेणार का.

विमान पट्टीच्या पुढं, नांगरलेल्या मोकळ्या रानात सापडलं. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं म्हणतात. इतका चांगला पायलट. माझ्या दुप्पट तास. नुसत्या यंत्रांवर उडायचा परवानाही होता त्याच्याकडं, माझ्याकडं तोही नाही.

एका मीटिंगसाठी! मला दुःखापेक्षा रागच जास्त येतोय. वहिनींजवळ बसून मी त्याच्यावर चिडत होते. मीटिंग पुढं ढकलता येते. फोन करायचा, म्हणायचं, येत नाही आज.

१३ डिसेंबर

चौकशीसाठी एक अधिकारी आले होते. आम्हा सगळ्यांना खोलीत बसवून प्रश्न विचारले. सर्दीनं बेजार, सारखं नाक पुसत होते, पण माणूस मुद्द्याचा. विमानात दोष काही सापडलेला नाही म्हणाले.

कुणीतरी विचारलं, मग झालं काय? इंजिन चालू, यंत्रं चालू, माणूस हुशार.

त्यांनी खुर्ची मागं ढकलली. "डोळे मिटून गाडीत बसा आणि ड्रायव्हरला गाडी जोरात काढायला सांगा. पाठ सीटला दाबली जाते. बरोबर? तसंच नाक वर उचललं गेल्यावरही दाबली जाते. शरीराला या दोन्हींतला फरक कळत नाही. बाहेर काही दिसत असेल तर डोळे सांगतात. धुक्यात डोळे नसतात. विमान वेग घेतं, पायलटला वाटतं नाक फार वर गेलं. तो दांडा पुढं ढकलतो, म्हणजे नाक खाली करतो. त्याला वाटतं आपण नीट चढतोय, आणि तो जमिनीकडं चाललेला असतो. खाली फार जागा नसते."

"पण यंत्रं असतात ना समोर?"

"असतात. यंत्र एक सांगतं, अख्खं शरीर दुसरंच ओरडत असतं. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला वेळ किती? आणि समजा ते जमलं. वर जाऊन इंजिन बिघडलं, दार उघडं राहिलं, धूर आला. उतरणार कुठं? ज्या पट्टीवरून निघालात ती तुम्हालाच दिसत नाही. तुम्ही निघता तेव्हाच परतीचं दार लावून घेतलेलं असतं."

खासगी विमानाला अशा पट्टीवरून धुक्यात निघू नको असं सांगणारं कुणी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मोठ्या कंपनीच्या विमानांना बंधनं असतात. "तुम्ही आपले मालक," असं म्हणून त्यांनी परत नाक पुसलं.

बाहेर आल्यावर मास्तर कठड्यावर बसले होते. म्हातारे दिसले. "मी असतो तर चहा टाकला असता," एवढंच म्हणाले.

माझा राग अजून जात नाही. माहीत असताना माणसं असं का करतात?

२१ डिसेंबर

बाबांकडं जाऊन आले. हवा स्वच्छ. बाबा मात्र खालावलेत. जेवण कमी झालंय. मी बोलत असताना दोनदा डोळा लागला. धाकटा आणि भावजय दोघं रात्रीची पाळी लावून जागतात. भावजय ताटं जरा जोरात ठेवत होती. तिचं बरोबर आहे. मी महिन्यातून दोनदा आकाशातून उतरायचं, नाडी बघायची, सूचना द्यायच्या आणि उडून जायचं.

परतताना उतरल्यावर लक्षात आलं की निघण्याआधी इंधनाची टाकी काडी घालून तपासायची ती तपासलीच नव्हती. इंधन होतं भरपूर. लक्षात आलं, म्हणजे ठीक आहे. गेल्या आठवड्यात चार रात्री इमर्जन्सी झाल्या. थोडी झोप हवी.

मास्तरांना म्हटलं, मला यंत्रांवर उडायचा सराव द्या. त्यांनी टोपी घालून, म्हणजे बाहेरचं दिसू नये अशी झापड लावून, थोडं उडवलं. ठीक जमलं. ते म्हणाले, "स्वच्छ हवेत टोपी घालून जमतं सगळ्यांना. शेजारी मी असतो ना." मला ते लागलं जरा.

२ जानेवारी

बाबांना न्यूमोनिया. दवाखान्यात ठेवलंय. धाकट्यानं रिपोर्ट पाठवले. मी ते वाचायला नको होते. मुलगी म्हणून वाचले असते तर आशा वाटली असती.

इथं चार दिवस सकाळी धुकं आहे. दुपारी उशिरा उठतं, तोवर माझ्या केसेस लागलेल्या असतात. उद्या सगळ्या केसेस दुसऱ्याकडं दिल्या आहेत.

आत्या यायचं म्हणतेय. बाबांची थोरली बहीण, माझ्याच गल्लीत पुढं राहते. ऐकू कमी येतं, गुडघे गेलेत, पण डोकं लख्ख. बाबांना या वयातही "बाळ" म्हणते. "मला बाळाला बघायचंय, पोरी. घाटानं नको, माझी हाडं मोकळी होतील. तुझ्या त्या यंत्रातून ने." नवरा म्हणाला, "मी गाडीनं सोडतो दोघींना, पहाटे निघू." मी म्हटलं, आत्याला तेवढा वेळ बसवणार नाही, आणि धुकं उठलं की आम्ही तासाभरात पोचू. तो म्हणाला, उठलं तर.

३ जानेवारी, हँगरमध्ये

थांबलो आहोत. आत्या माझ्या गाडीत शाल पांघरून बसलीय, थर्मासमधला चहा पितेय. सकाळपासून इथं आहोत. मास्तर काल आजारी पडले, आज आले नाहीत.

धाकट्याचा फोन झाला. तिकडं आकाश निरभ्र आहे. बाबांना ऑक्सिजन वाढवलाय. शुद्धीवर आहेत, पण "ताई, जमलं तर लवकर ये." धाकटा कधी "जमलं तर" म्हणत नाही.

नवऱ्याचा फोन. "गाडीनं निघाला असतात तर आत्तापर्यंत घाट चढून उतरला असतात." हे सांगून काय उपयोग आता? आत्ता निघालो तर रात्र होईल.

धुकं पातळ होतंय असं वाटतं. मघाशी वाऱ्याची पिशवी दिसत नव्हती, आता दिसते. तिच्या पलीकडंही थोडी पट्टी दिसते. अर्धी तरी असेल. जमिनीलगतचंच आहे, वर ऊन असणार, कारण पांढरं उजळलंय. विमान तपासून झालं. इंधन तपासलं, काडी घालून. सगळं व्यवस्थित आहे.

ही मीटिंग नाही. माझे वडील आहेत.

शेजारी पडला त्या रानाच्या बाजूनं जायचं नको वाटतं. वारा अजिबात नाही, उलट्या बाजूनं निघता येईल. अजून थोडं थांबते.

३ जानेवारी, दवाखान्यात

पोचलो. बाबांना झोप लागलीय, आत्या त्यांच्या उशाशी बसलीय. मी व्हरांड्यात आहे. झोप येत नाही, म्हणून हे लिहितेय, जसं झालं तसं.

थांबले नाही. निघाले.

आत्याला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. पट्टीच्या तोंडाशी उभं राहिलो तेव्हा मला मधली पांढरी रेघ दिसत होती. तीन तुकडे, चौथा अर्धवट. आत्या म्हणाली, "रस्ता कुठाय गं?" मी म्हटलं, आहे पुढं.

रेघ धरून वेग घेतला. रेघेचे तुकडे येत होते आणि जात होते. मग चाकं सुटली, आणि काहीच उरलं नाही. काळोख असता तर निदान काळोख आहे असं वाटलं असतं. हा नुसता पांढरा पडदा होता, काचेला चिकटलेला. जवळ नाही आणि लांबही नाही.

आणि लगेच मला वाटलं की नाक फार वर चढलंय. वाटलं हा शब्दही खोटा आहे. मला ते माहीत होतं. पाठ सीटमध्ये रुतलेली, पाय हलके झालेले, आपण आभाळाकडं उभे राहिलोय आणि आत्ता विमान मागं कोसळणार. मी दांडा पुढं ढकलला. विचार करून नाही. ठेच लागताना हात पुढं जातो तसा.

त्या अधिकाऱ्यानं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. त्या क्षणी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

झाडांचे शेंडे दिसले. समोर, थोडे खाली, काळे, ओले, एकेक फांदी वेगळी. मी दांडा छातीशी ओढला. काहीतरी चाकाला घासलं असं वाटलं, किंवा नसेल घासलं. शेंडे गेले. परत पांढरं.

मग मी विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या तबकडीतल्या खोट्या क्षितिजाकडं बघितलं. डावीकडं कललं होतं. माझं शरीर सांगत होतं, आपण सरळ आहोत. मी ते सरळ केलं, आणि सरळ केल्याबरोबर वाटायला लागलं की आपण उजवीकडं पडतोय. मान, खांदे, पोट, सगळं सांगत होतं, उजवीकडं पडतोय, उचल, उचल. यंत्र म्हणत होतं, सरळ. दातांवर दात रोवून मी त्या एवढ्याशा तबकडीकडं बघत राहिले. माझं अख्खं अंग एका बाजूला झुकलं होतं.

तेवढ्यात आत्यानं माझा दंड धरला. "पोरी, आपण हललो का अजून?"

मी तिच्याकडं मान वळवली. फक्त मान. विमानानं कोलांटी मारली असं वाटलं.  मी ओरडले, "आत्या, हात सोड!" आयुष्यात तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिनं हात काढला आणि मांडीवर जोडून ठेवला.

तबकडी, उंचीचा काटा, वेगाचा काटा, परत तबकडी. काटा वर चालला होता. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पांढऱ्याचं पिवळं झालं, आणि ऊन.

खाली धुक्याची सपाट जमीन होती, दूर डोंगरांची डोकी. आत्या म्हणाली, "अगंबाई, किती छान." माझा शर्ट पाठीला चिकटला होता. ज्या पट्टीवरून निघालो ती खाली कुठंतरी होती, पण त्या क्षणी इंजिन नुसतं खोकललं असतं तरी मला ती सापडली नसती.

पुढचं सगळं सोपं. इकडं हवा स्वच्छ. उतरल्यावर चाकं बघितली. डाव्या चाकाच्या दांडीत एक डहाळी अडकली होती, पानांसकट. ती काढून टाकली. आत्याला दिसली नाही.

बाबा जागे होते. आत्यानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "बाळ, मी आले." बाबांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "घाटानं?" ती म्हणाली, "छे. ढगातून." त्यांना हसू आलं. मी मास्क परत लावला.

६ जानेवारी

बाबा काल पहाटे गेले. मी, धाकटा, आत्या, सगळे होतो. त्रास झाला नाही. भूलतज्ज्ञ मुलगी असल्याचा एवढा उपयोग झाला, की किती आणि काय द्यायचं ते मी त्यांच्या डॉक्टरांना सांगू शकले.

धाकटा मला मिठी मारून रडला. म्हणाला, "तू त्या दिवशी आलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी तर त्यांना शुद्ध नव्हतीच." भावजय म्हणाली, "ताई, हिंमत लागते." येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगते, भाचीनं मला ढगातून आणलं, किती छान होतं वर. लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात.

  त्यांचं म्हणणं खरं आहे. गाडीनं आलो असतो तर रात्री पोचलो असतो. तेव्हाही ते जागे असते कदाचित. पहाटे गाडीनं निघालो असतो तर नक्की असते. हा हिशोब मी कुणाला दाखवलेला नाही.

१६ जानेवारी

घरी परतलो. गाडीनं. नवरा घ्यायला आला होता. विमान तिकडंच आहे. आत्या घाटात कुरकुरली, मग झोपली.

रात्री नवरा म्हणाला, "मास्तर भेटले होते. पट्टीच्या पलीकडच्या झाडांचे शेंडे मोडलेत म्हणाले. बघायला गेले होते." मी म्हटलं, हो. त्यानं पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाला, "आत्या शेजारी होती तुझ्या." आणि दिवा बंद केला.

मी त्याला सांगणार होते की माझं वेगळं होतं. शेजाऱ्यासारखं नव्हतं. मग वाटलं, राहू दे, आत्ता दोघंही दमलोय.

२६ जानेवारी

आज वहिनी आल्या. फोन न करता. दार उघडलं तर हातात छत्री, पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, तिथं ऊब असते.

बाबांचं विचारलं. मग म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं मला. तुम्ही धुक्यात गेलात ते."

मला वाटलं, भांडायला आल्यात. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही. जे गेले त्यांतलं कुणी परत येऊन सांगत नाही. तुम्ही आलात. आत कसं असतं?"

मी गॅसकडं बघत होते. त्या म्हणाल्या, "खरं सांगा हं. मी रोज तो आवाज ऐकते. चढणारा. मग थांबलेला. मधलं मला माहीत नाही. त्यांना कळलं असेल का? घाबरले असतील का?"

पेशंटचे नातेवाईक थिएटरबाहेर असंच विचारतात. त्यांना त्रास होईल का, कळेल का. माझ्याकडं ठरलेली उत्तरं आहेत. ती मी दिली नाहीत.

मी सांगितलं, पांढरं असतं. सांगितलं की आपण वर चाललोय असंच वाटत असतं, खूप जास्त वर, आणि आपण ते नीट करायला जातो. चूक होतेय असं वाटत नाही. आपण सावरतोय असंच वाटत असतं.

"म्हणजे त्यांना वाटलं असेल सगळं ठीक आहे."

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो, वहिनी. मला तरी तसंच वाटत होतं."

त्यांनी डोळे मिटले.  मग विचारलं, "तुम्हाला मग कसं कळलं?"

"मला नाही कळलं. झाडं दिसली."

"त्यांच्या बाजूला झाडं नाहीत."

"नाहीत."

"मोकळं रान आहे."

"हो."

कुकरची शिट्टी झाली. दोघीही दचकलो. वहिनींना थोडं हसू आलं, आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या. माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच. मी त्यांचा हात धरून बसले. रडता रडताच म्हणाल्या, "ती मीटिंग काही एवढी मोठी नव्हती हो. त्यांनाही माहीत होतं. पण निघायचं ठरवून निघाले होते ना घरातून. बूट घातले होते, बॅग ठेवली होती. मग माणूस परत कसा फिरणार?"

मी म्हटलं, हो. गेला दीड महिना मी त्या माणसावर चिडले होते. मीटिंगसाठी गेला म्हणून. आज पहिल्यांदा लक्षात आलं की मीटिंगचा त्यात काही संबंधच नव्हता. आणि माझ्याही बाबतीत, बाबांचा किती होता, ते मला आता सांगता येत नाही.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. निघताना म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत. आता झोप लागेल." चार पावलं गेल्या आणि परत वळल्या. "तुम्हाला कुणीतरी थांबवायला हवं होतं, डॉक्टर. यांना मी थांबवायला हवं होतं. मी तिथंच उभी होते." मी नको नको म्हणेपर्यंत त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या.

त्यांना जे सांगितलं ते सगळं खरं होतं. एकच गोष्ट सांगितली नाही. ती नवऱ्यालाही सांगितलेली नाही, आणि त्या दिवशी दवाखान्यात लिहितानाही टाळली. पांढऱ्यातून वर आले, ऊन लागलं, तेव्हा मी घाबरले नव्हते. शेजाऱ्याची आठवण आली नव्हती, बाबांचीही नाही. मला आनंद झाला होता. त्याला जमलं नाही ते मला जमलं, असा.

तेवढ्याचसाठी मी ते विमान विकायला काढतेय. भीती वाटली असती तर ठेवलं असतं.